जागल्याचं वकीलपत्र

जागल्याची, म्हणजे आपल्याच कंपनीतला गैरव्यवहार उघड करणाऱ्या माणसाची बाजू मांडायची, या कामातला माझा पहिला अशील चेंबरमध्ये आला आणि नाव सांगायच्या आधी त्याने दार लावून घेतलं. फोर्टमधली जुनी इमारत, संध्याकाळचे साडेसात. पन्नाशीचा माणूस, एका लिस्टेड कंपनीच्या अकाउंट्समध्ये अर्धं आयुष्य गेलेलं. (ओळख पटेल असे तपशील मी बदलले आहेत.) कापडी पिशवीतून त्याने कागदांचा गठ्ठा काढला, टेबलावर ठेवला आणि वर हात ठेवूनच म्हणाला, “मॅडम, हे द्यायचंय. पण माझं नाव येता कामा नये. घरात कमावणारा मी एकटाच आहे.”

तिमाही निकाल जाहीर व्हायच्या आधी, ट्रेडिंग विंडो बंद असताना, म्हणजे आतल्या लोकांना कंपनीच्या शेअरचे व्यवहार करायला बंदी असताना, प्रवर्तकांच्या नात्यातल्या एका खात्यातून शेअर घेतले गेले होते. निकालाचे आकडे त्या घरात कुठून गेले, ते या माणसाने पाहिलं होतं.

रोखे कायद्यात, म्हणजे शेअर बाजाराच्या कायद्यात, येऊ पाहणारी मुलं-मुली मला विचारतात, जागल्यांची बाजू मांडायची तर सुरुवात कुठून करायची? माझं उत्तर असतं, आधी कायदा कुठवर पोचतो ते पक्कं करा. शेअर बाजारावर देखरेख करणाऱ्या सेबीने इनसायडर ट्रेडिंगच्या (कंपनीची आतली, जाहीर न झालेली माहिती वापरून शेअरचे व्यवहार करण्याच्या) नियमांत २०१९ मध्ये माहिती देणाऱ्यांसाठी ‘तीन-अ’ हे प्रकरण घातलं, ते २६ डिसेंबर २०१९ पासून लागू झालं. माहितीवरून किमान १ कोटी रुपयांच्या बेकायदा नफ्याच्या वसुलीचा आदेश निघाला, तर माहिती देणाऱ्याला त्या रकमेच्या १० टक्क्यांपर्यंत बक्षीस मिळू शकतं. कमाल मर्यादा आधी १ कोटी होती, २०२१ मध्ये ती १० कोटी झाली. पण हे सगळं फक्त इनसायडर ट्रेडिंगला. खोटी बिलं, फुगवलेली विक्री, दुसरीकडे वळवलेला पैसा याची तक्रार सेबीकडे करता येते, मात्र त्यासाठी हे प्रकरण लागू होत नाही. माझ्याकडे येणारे बरेच जण नेमकी तसली कागदपत्रं घेऊन येतात. पहिल्या भेटीतच त्यांना हे सांगा. बक्षिसाची आशा लावून नंतर हात वर करणं हा त्या माणसावर मोठा अन्याय आहे.

अशिलाने सेबीला माहिती देण्याचा फॉर्म स्वतः भरला तर ओळख आणि माहितीचा खरेपणा तपासायला सेबी त्याला समक्ष बोलावू शकते. वकिलामार्फत भरला तर ओळख आपण पटवून घेतो, सहीचा मूळ फॉर्म आपल्या कपाटात राहतो आणि ओळख झाकलेली प्रत सेबीच्या माहितीदार संरक्षण कार्यालयाकडे जाते. सेबीने मागितलाच तर सात दिवसांत मूळ फॉर्म द्यायला आपण बांधील असतो, आणि अशिलाची तशी कायमची संमती आधीच घ्यावी लागते. त्यामुळे “तुमचं नाव कुणालाच कळणार नाही” असं वाक्य तोंडातून काढू नका. कंपनीला कळू नये म्हणून आपण जिवाचं रान करणार, एवढंच खरं आहे आणि तेवढंच सांगावं.

आता जिथे सगळ्यात जास्त वेळ जातो ते काम. नाव खोडणं सोपं असतं. पण माणसाला त्याचे कागदच उघडं पाडतात. त्या पहिल्या गठ्ठ्यात मी तीन रात्री बसले. नाव, सही, ईमेल, सगळं काळं केलं. चौथ्या दिवशी सकाळी उजेडात एक पान हातात घेतलं तर तळाला अगदी बारीक अक्षरांत प्रिंट काढणाऱ्याचा कर्मचारी क्रमांक आणि वेळ. तसली अकरा पानं होती. हातपाय गार पडले. तेव्हापासून माझी पद्धत ठरली आहे. प्रत्येक पान कंपनीच्या एचआरच्या डोळ्यांनी वाचायचं. एक्सेल फाइलच्या प्रॉपर्टीजमध्ये कुणाचं नाव राहिलंय? ईमेल पाठवलेला होता की सीसीमध्ये आलेला, आणि सीसीमध्ये किती जण होते? तिघेच असतील तर ते पान लावायचं की नाही, यावर अशिलाबरोबर तासभर बोलावं लागलं तरी बोला. समासात पेन्सिलीने बरोबरची खूण करायची सवय ऑफिसात एकाच माणसाला असते, आणि ती सगळ्यांना माहीत असते.

कागद आणले कुठून हेही आधीच विचारा. कामाच्या ओघात हाती आलेला कागद वेगळा आणि दुसऱ्याचा पासवर्ड वापरून काढलेला वेगळा. दुसऱ्या प्रकारात अशीलच माहिती तंत्रज्ञान कायद्याखाली अडकू शकतो. माहिती दिली म्हणून स्वतःच्या चुकीला माफी मिळते असंही या नियमांत नाही.

पुराव्याचं म्हणाल तर बलराम गर्ग या इनसायडर ट्रेडिंगच्या प्रकरणातला सर्वोच्च न्यायालयाचा २०२२ चा निकाल दोनदा वाचा. नातं आहे आणि वेळेवर खरेदी झाली, एवढ्याने भागत नाही, माहिती एकाकडून दुसऱ्याकडे गेल्याचं दाखवावं लागतं. जागल्याचं मोल तिथेच आहे. खरेदीची तारीख सेबीला एक्स्चेंजच्या डेटातून मिळते. कोणत्या मीटिंगनंतर कोण कुणाच्या केबिनमध्ये गेलं, ते आतल्या माणसालाच माहीत असतं.

फीचं थोडक्यात. अमेरिकेत असे वकील बक्षिसातला वाटा घेतात. आपल्याकडे बार कौन्सिलच्या नियमांनुसार निकालावर अवलंबून फी ठरवता येत नाही. ठरावीक रक्कम घ्या, लेखी घ्या. सुरुवातीला या कामावर घर चालत नाही. मी बाकीच्या दिवशी कंपन्यांचं साधं कम्प्लायन्सचं (नियमपालनाचं) काम केलं, आणि त्यातूनच आतला कारभार कळला. कंपनीची कामं घेताना हितसंबंधांची टक्कर मात्र दर वेळी तपासा.

नोकरी गेली तर? अशिलाच्या डोळ्यांत पहिल्यापासून हाच प्रश्न असतो. कंपनीने आचारसंहितेत अशा माणसाला संरक्षण द्यायलाच हवं, असं नियम सांगतात. पण नोकरी परत मिळवून द्यायला किंवा भरपाई द्यायला लावण्याचं बंधन सेबीवर नाही, त्यासाठी कोर्टाची पायरी चढावी लागते. हे ऐकून काही जण पिशवी उचलून परत जातात. त्यांना थांबवू नका. त्यांचा गठ्ठा जसाच्या तसा परत द्या, झेरॉक्ससुद्धा ठेवू नका.

अभ्यासासाठी सेबीच्या वेबसाइटवरचे आदेश रोज एक वाचा, फुकट आहेत. पाताळगंगेच्या एनआयएसएम (नॅशनल इन्स्टिट्यूट ऑफ सिक्युरिटीज मार्केट्स) या संस्थेत रोखे कायद्याचे अभ्यासक्रम चालतात. ताळेबंद वाचता येत नसेल तर आधी ते शिका.

माझ्याकडे आलेल्या ज्युनियरला मी पहिलं काम देते ते झाकलेल्या कागदांचा संच वाचून हा माणूस कोण ते शोधायचं. गेल्या वर्षी सोलापूरहून आलेली एक मुलगी दुपारपर्यंत मान खाली घालून बसली होती. संच मी दोनदा तपासलेला होता. चहा आला तेव्हा तिने वर पाहिलं. “मॅडम, मार्चच्या दुसऱ्या आठवड्याचा एकही कागद नाही. पुढचा-मागचा सगळा आहे. हे त्या आठवड्यात रजेवर होते का?”

मी अशिलाला फोन लावला. ते रजेवर होते. त्या रात्री आम्ही दोघींनी संच पुन्हा पहिल्या पानापासून लावला.