जुन्या आउटबोर्डला फिल्टर लावताना आधी पाण्याचा विचार करा

आमच्या देवबाग-तारकर्ली भागात जुनी टू-स्ट्रोक आउटबोर्ड इंजिनं, म्हणजे होडीच्या मागच्या फळीला बाहेरून अडकवलेली पेट्रोल इंजिनं, अजून भरपूर आहेत. नीट सांभाळली तर ती पुढेही चालतील. माझ्याकडे दुरुस्तीला आलेल्या इंजिनाची तक्रार बहुतेक वेळा एकच असते: चालता चालता गचके देतं आणि बंद पडतं. कार्ब्युरेटरची, म्हणजे पेट्रोल आणि हवा मिसळणाऱ्या भागाची, वाटी उघडली की तळाला पाण्याचे थेंब दिसतात. कर्ली खाडीच्या मुखाशी लाटा वाळूच्या पट्टीवर फुटतात. तिथे इंजिन बंद पडलं तर होडी आडवी व्हायला वेळ लागत नाही. म्हणून माणसं बसवून फिरवणाऱ्याने तर पेट्रोलमधलं पाणी अडवणारा फिल्टर लावायचं काम टाळूच नये.

जुन्या इंजिनाच्या हुडाखाली बारीक जाळी असते. ती कचरा अडवते, पाणी अडवत नाही. मोटरसायकलचा प्लास्टिकचा छोटा फिल्टर जोडला तरी पाण्यापुरता फरक पडत नाही. पाणी वेगळं करणारा, तळाला पारदर्शक वाटी असलेला, १० मायक्रॉनचा मरीन फिल्टर घ्या. पाणी पेट्रोलपेक्षा जड असतं, त्यामुळे ते वाटीत खाली बसतं आणि डोळ्यांना दिसतं. हल्ली पेट्रोलमध्ये २० टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं आणि ते हवेतला ओलावा ओढतं. १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या काळात अर्धवट भरलेली टाकी पडून राहिली, तर नारळी पौर्णिमेनंतर तिच्यातून काय निघेल याचा भरवसा नसतो.

जागा ठरवताना घाई करू नका. इंजिन ज्या मागच्या फळीवर बसतं, तिच्या आतल्या बाजूला फिल्टर उभा बसवा. होडीच्या तळात साचलेलं पाणी तिथपर्यंत पोचता कामा नये, आणि वाटी रिकामी करायला खाली बाटली धरता आली पाहिजे. बंद कप्प्यात बसवू नका, पेट्रोलची वाफ तिथे साठते. इंजिन पूर्ण डावीकडे आणि उजवीकडे वळवून नळी ताणली जात नाही ना, ते आधीच पाहा. स्क्रूच्या भोकांत सीलंट भरा, नाहीतर फळी आतून कुजेल.

नळी जुनी असेल तर तीही बदला. इथेनॉलने जुनं रबर आतून सुटतं आणि त्याचे काळे कण पुढे जातात. आउटबोर्डच्या इंधनासाठी बनवलेलीच नळी घ्या, आतला व्यास तुमच्या निपलला, म्हणजे नळी जिच्यावर चढते त्या तोटीला, जुळणारा. बागेची प्लास्टिक नळी काही दिवसांत कडक होते. नळी आवळायच्या क्लिपा घ्यायला जाताना खिशात लोहचुंबक ठेवा. पट्टी स्टेनलेसची आणि स्क्रू साध्या लोखंडाचा, असा माल दुकानात सर्रास मिळतो. खाऱ्या हवेत तो स्क्रू आधी गंजतो.

काम उघड्यावर करा. जवळ विडी, चूल, काही नको. बॅटरी असेल तर तिची वायर काढा. टाकी आणि रबरी बल्ब (हाताने दाबून पेट्रोल पुढे ढकलायचा फुगा) यांच्यामधली नळी धारदार पात्याने सरळ कापा. टाकीकडचं टोक फिल्टरच्या ‘इन’ला, बल्बकडचं ‘आउट’ला. बल्बवरचा बाण इंजिनाकडे हवा. आट्यांवर टेफ्लॉनची टेप गुंडाळू नका, तिचे तुकडे कार्ब्युरेटरच्या जेटमध्ये, म्हणजे पेट्रोलच्या बारीक छिद्रात, अडकतात. पेट्रोलला टिकणारं सीलंट वापरा. फिल्टरच्या रबरी रिंगला थोडं तेल लावा आणि फिल्टर हातानेच फिरवा. रिंग टेकली की पुढे अर्धा फेरा पुरे.

आता टाकीच्या झाकणाचा हवेचा स्क्रू उघडा आणि बल्ब घट्ट होईपर्यंत दाबा. पुढची तपासणी मात्र बरेच जण सोडून देतात. बल्बच्या पुढची गळती ठिबकून दिसते. बल्बच्या मागे, म्हणजे फिल्टरच्या भागात, इंजिन पेट्रोल खेचत असतं. तिथे सैल जोड बाहेर ठिबकेलच असं नाही, तो आत हवा ओढतो. ही हवा शोधायला फिल्टर आणि बल्ब यांच्यामध्ये तात्पुरता पारदर्शक नळीचा तुकडा जोडा. इंजिन पाण्याच्या पिंपात ठेवून चालू करा. कोरडं अजिबात चालवू नका, पाण्याच्या पंपाचं रबर जळतं. सुरुवातीचे बुडबुडे निघून गेल्यावरही माळ चालूच राहिली, तर टाकीपासून एकेक जोड आवळत या. बुडबुडे थांबले की तो तुकडा काढा आणि एकसंध नळी घाला.

नंतर कधी चालत्या इंजिनावर बल्ब आत ओढला जाऊन चपटा दिसला, तर आधी हवेचा स्क्रू पाहा, मग फिल्टर. तो तुंबलेला असेल.

रोज निघण्याआधी वाटीकडे नजर टाका. पेट्रोलखाली वेगळा थर दिसला तर तो बाटलीत काढा. खाडीत ओतू नका. फिल्टर दर हंगामाच्या सुरुवातीला बदला आणि तारीख मार्करने त्याच्यावरच लिहा. जास्तीचा एक फिल्टर, रिंगसकट, झाकणाच्या बरणीत होडीवर असू द्या.