लिव्हिंग विल करताय? मग या चुका टाळा

मामांना पक्षाघाताचा झटका आला तो शुक्रवारी रात्री. दुसऱ्या दिवशी महिन्यातला दुसरा शनिवार, मग रविवार. आणि त्यांचं लिव्हिंग विल, म्हणजे स्वतः सांगता येईनासं झालं तर कोणते उपचार हवेत आणि कोणते नकोत हे आधीच लिहून ठेवलेला कागद, बँकेच्या लॉकरमध्ये. अतिदक्षता विभागाच्या दारात डॉक्टर विचारत होते, "श्वासनलिकेत नळी घालावी लागेल, सही कोण करतंय?" पेन मामींच्या हातात होतं. "यांनी काहीतरी लिहून ठेवलंय गं," एवढंच त्या माझ्याकडे बघून म्हणाल्या. काय लिहिलंय ते त्यांना माहीत नव्हतं, मलाही नव्हतं. मामींनी सही केली.

ती सही चुकली असं मी आजही म्हणणार नाही. पहिल्या रात्री पुढचं कुणालाच दिसत नसतं, आणि प्रयत्न करणं योग्यच असतं. चुका झाल्या होत्या त्या आधीच्या तीन वर्षांत, मामांनी कागद लिहिला तेव्हापासून. त्या दुसऱ्या कुणाच्या घरी होऊ नयेत म्हणून हे लिहितेय.

"माझे हाल करू नका" एवढंच लिहिणं

सोमवारी लॉकर उघडला. फुलस्केपची दोन पानं, मामांचं पोस्टमास्तरी सुवाच्य अक्षर. त्यातलं मुख्य वाक्य होतं: "माझे हाल करू नयेत, उगाच ताणू नये, शांतपणे जाऊ द्यावे." डॉक्टरांनी ते दोनदा वाचलं आणि विचारलं, "ताणू नये म्हणजे नेमकं कधीपासून? आणि काय करू नये?" आमच्यापैकी कुणाकडेच उत्तर नव्हतं.

संदिग्ध मजकूर असेल तर वैद्यकीय मंडळ, म्हणजे उपचार थांबवायचे का ते ठरवणारा डॉक्टरांचा गट, त्यावर अंमल करत नाही. मग मजकूर कसा हवा? आधी परिस्थिती लिहा: बरं होण्याची आशा उरलेली नाही, शुद्ध परत येणार नाही, माणसं ओळखता येणार नाहीत, असं जे काही तुम्हाला खरोखर नको असेल ते. मग एकेका उपचाराचं नाव घ्या: व्हेंटिलेटर, हृदय थांबल्यावर छाती दाबून ते पुन्हा सुरू करणं, डायलिसिस, नळीवाटे अन्न. सरसकट "नको" म्हणायची गरज नाही. "ठरावीक दिवस प्रयत्न करून बघा, सुधारणा नसेल तर थांबवा" असंही लिहिता येतं, आणि मला स्वतःला हेच सर्वांत शहाणपणाचं वाटतं. काय चालू ठेवायचं तेही लिहाच: वेदनाशामक औषधं, धाप कमी करणारी औषधं, तोंड ओलं ठेवणं, अंग पुसणं. उपचार थांबवणं म्हणजे माणसाला वाऱ्यावर सोडणं नव्हे, हे घरच्यांना कागदावर वाचायला मिळालं की त्यांचा हात थरथरत नाही.

मसुदा फॅमिली डॉक्टरांसमोर बसून करा. वकील नंतर. इथे कायद्याच्या भाषेपेक्षा आजाराची भाषा नेमकी असावी लागते.

भलत्या कागदावर विसंबणं

मराठीत मृत्युपत्रालाच इच्छापत्र म्हणतात, तिथून घोटाळा सुरू होतो. मृत्युपत्र माणूस गेल्यावर लागू होतं. त्यात "मला व्हेंटिलेटर लावू नका" असं लिहिलंत तर ते बहुधा दिवसकार्य झाल्यावर वाचलं जाईल. लिव्हिंग विल तुम्ही हयात असताना, पण स्वतः निर्णय घेऊ शकत नसताना कामी येतं. अवयवदानाचा किंवा देहदानाचा अर्ज वेगळा. मानसिक आरोग्य कायदा, २०१७ खाली मानसिक आजाराच्या उपचारांबद्दल आगाऊ निर्देश देता येतात, तेही वेगळे. एकाचं काम दुसरा करत नाही.

कुलमुखत्यारपत्राबद्दलचा गैरसमज तर घरोघरी आहे. "मुलाच्या नावानं मुखत्यारपत्र केलंय, तो बघेल सगळं." पण भारतीय करार कायदा, १८७२ च्या कलम २०१ प्रमाणे, अधिकार देणाऱ्याची मनोवस्था ढासळली की मुखत्यारपत्रच संपतं. म्हणजे ज्या दिवशी गरज, नेमकं त्याच दिवशी ते निरुपयोगी. कोमातल्या नवऱ्याची मालमत्ता सांभाळायचे अधिकार मिळवायला बायकांना उच्च न्यायालयात जावं लागलं आहे. निदान घरखर्चाचं बँक खाते तरी "आयदर ऑर सर्व्हायव्हर" पद्धतीनं, म्हणजे दोघांपैकी कुणालाही एकट्यानं व्यवहार करता येईल असं, संयुक्त करून ठेवा.

जुनी पद्धत धरून बसणं

केईएम रुग्णालयातल्या परिचारिका अरुणा शानबाग १९७३ ते २०१५ अशी बेचाळीस वर्षं अंथरुणावर होत्या. त्यांच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयानं २०११ मध्ये ठरावीक परिस्थितीत उपचार थांबवण्याला वाट करून दिली. ९ मार्च २०१८ रोजी घटनापीठानं सन्मानानं मरण्याचा हक्क राज्यघटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्कात येतो असं सांगितलं आणि लिव्हिंग विलला मान्यता दिली. तेव्हा त्यावर प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांची सही लागत असे. त्या अटीपायी बहुतेकांनी नाद सोडला, मामांनीही. त्यांनी नुसतं लिहिलं, खाली आपली सही केली आणि ठेवून दिलं. साक्षीदार नाहीत, काही नाही.

जानेवारी २०२३ मध्ये न्यायालयानं ही अट काढली. आता अठरा वर्षं पूर्ण झालेल्या, सुबुद्ध व्यक्तीनं स्वेच्छेनं लिहावं, दोन साक्षीदारांसमोर सही करावी (साक्षीदार शक्यतो घराबाहेरचे असावेत) आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकाऱ्याकडून तो कागद साक्षांकित करून घ्यावा, एवढंच पुरतं. हे कधीही रद्द करता येतं आणि परिणाम समजून लिहिलेलं आहे, असा उल्लेख मजकुरात हवा. एकापेक्षा जास्त कागद असतील तर शेवटी सही केलेला धरतात, म्हणून जुन्या प्रती फाडून टाका.

आणि एक भीती मनातून काढून टाका. लिव्हिंग विल केलं म्हणजे अपघातात डॉक्टर हात वर करतील, असं होत नाही. बरं होण्याची आशा संपली आहे असं उपचार करणारे डॉक्टर आणि दोन तज्ज्ञ यांचं एक मंडळ ठरवतं. मग दुसरं मंडळ ते तपासतं, त्यात जिल्ह्याच्या मुख्य वैद्यकीय अधिकाऱ्यानं नेमलेले डॉक्टर असतात. त्याआधी कागदाला हात लागत नाही. इंजेक्शन देऊन जीव घेणं आपल्याकडे आजही गुन्हाच आहे, त्याच्याशी याचा संबंध नाही.

ज्याचं नाव लिहिलं त्याच्याशीच न बोलणं

दादा, म्हणजे मामांचा मुलगा, न्यू जर्सीहून मंगळवारी पोचला. कागद वाचून तो म्हणाला, "अक्षर बाबांचंच आहे. पण ते माझ्याशी यावर एक शब्द बोलले नाहीत. एवढ्यावर मी हो कसं म्हणू?" त्याचं काही चुकलं असं मला वाटत नाही. बापाच्या शेवटाचा निर्णय दोन पानांवर कुणी कसा घेईल? मामी गप्प, धाकटी मावशी रडतेय, आणि व्हिडिओ कॉलवर बाकीचे सांगताहेत, "सगळं करा, पैशांची चिंता नको."

बारा दिवस गेले. विधिवत लिव्हिंग विल नसेल तरी जवळच्या नातेवाइकांच्या संमतीनं याच दोन मंडळांची वाट खुली असते. शेवटी तिकडूनच गेलो. पण त्या बारा दिवसांत जे शब्द एकमेकांना लागले ते अजून पुरते पुसले गेलेले नाहीत.

लिव्हिंग विलमध्ये तुमच्या वतीनं संमती देणाऱ्या जवळच्या माणसांची नावं लिहायची असतात, आणि २०२३ पासून ती एकाहून अधिक देता येतात. थोरला म्हणून थोरल्याचं नाव घालू नका. जो फोनवर लगेच मिळतो, डॉक्टरांना प्रश्न विचारू शकतो, आणि तुम्ही सांगाल ते स्वतःला न पटताही पाळेल, त्याचं घाला. मग त्याला समोर बसवून मजकूर मोठ्यानं वाचून दाखवा. ज्यांची नावं नाहीत त्यांनाही बोलवा, परदेशातल्यांना फोनवर घ्या. "अभद्र बोलू नका" असं कुणीतरी म्हणेलच. म्हणू दे. विनोबांनी १९८२ मध्ये पवनारला अन्न आणि औषध थांबवलं तेव्हा त्यांना काय हवं आहे ते भोवतालच्यांना ठाऊक होतं. आपल्या घरात निदान तेवढं तरी ठाऊक असावं.

लॉकर, आणि कार्यालयातला खेटा

मूळ कागद घरात, हाताशी ठेवा. प्रती फॅमिली डॉक्टरांकडे आणि नाव दिलेल्या प्रत्येकाकडे. एक फोटो सर्वांच्या मोबाइलमध्ये. त्यातली एक प्रत महापालिका, नगरपालिका किंवा पंचायतीच्या सक्षम अधिकाऱ्याकडे द्यायची असते, कारण कागद खरा आहे का याची खात्री रुग्णालय तिथल्या कस्टोडियनकडून, म्हणजे या प्रती सांभाळणाऱ्या अधिकाऱ्याकडून, करून घेऊ शकतं. मुंबईचे डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात याचिका केल्यावर महाराष्ट्र सरकारनं २०२४ मध्ये राज्यभर ४०० हून अधिक कस्टोडियन नेमले. त्याच वर्षी गोव्यात न्यायमूर्ती महेश सोनक यांनी स्वतःचं लिव्हिंग विल नोंदवलं, गोव्यातलं ते पहिलं.

तरी खिडकीवर "असलं काही आमच्याकडे नसतं" हे उत्तर मिळू शकतं. आईचं लिव्हिंग विल घेऊन मी गेले तेव्हा मला मिळालं. अशा वेळी वाद घालू नका. अधिकाऱ्याच्या नावे साधा अर्ज लिहा, सोबत साक्षांकित प्रत जोडा, अर्जात २०२३ च्या आदेशाचा उल्लेख करा, आणि सगळं आवक विभागात द्या. अर्जाच्या दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घेतल्याशिवाय निघू नका. आईची ती पोच आता तिच्या रक्तदाबाच्या फाइलमध्ये पहिल्या पानाला टाचलेली आहे. फाइल फ्रिजवर असते, शेजारच्या काकूंनाही ती जागा दाखवून ठेवली आहे.