कुणबी नाच किंवा धालो मंचावर आणताना
गोव्यात स्नेहसंमेलनासाठी कुणबी नाच किंवा धालो हा बायकांचा लोकनाच बसवायचा असेल, तर तालमीआधी ज्या समाजाचा तो नाच आहे, त्या समाजातल्या जाणत्या बायांना भेटावे. एकाच ओळखीच्या व्यक्तीचा होकार म्हणजे अख्ख्या समाजाची संमती नव्हे; म्हणून दोन-चार घरी तरी विचारावे.

धालोच्या बाबतीत विशेष जपावे. पौषातल्या रात्री बायका मांडावर जमून धालो खेळतात आणि मांड ही गावाने पवित्र मानलेली जागा आहे. त्यामुळे गाणी व फेर त्यांच्या संमतीने घ्यावेत, पण धालोत बायकांच्या अंगात येण्याच्या प्रसंगाचा देखावा मुळीच करू नये, असे माझे ठाम मत आहे.

लाल चौकडीची कुणबी साडी गोव्याचे फॅशन डिझायनर वेंडेल रॉड्रिक्स यांनी फॅशनच्या मंचावर नेली, त्यामुळे ती कोणी नेसावी यावर बंधन घालण्यात अर्थ नाही. मात्र छापील नक्कल न घेता हातमागाची साडी घ्यावी, खांद्यावरची गाठ जाणत्या बाईकडून शिकावी आणि चेहऱ्याला काळा रंग फासू नये. गोव्यातल्या कुणबी, गावडा आणि वेळीप या समाजांना अनुसूचित जमातींचा दर्जा २००३ साली मिळाला. ज्यांनी अवहेलना सोसली, त्यांच्या रूपाची नक्कल त्यांना बोचते.

तरीही आक्षेप आलाच, तर नाच बसवणाऱ्याने आणि तो मंजूर करणाऱ्या समितीने आपापला वाटा स्पष्टपणे मान्य करावा. नाचणाऱ्या मुलांना दोष देऊ नये, तसेच एका मंडळाच्या चुकीसाठी संपूर्ण जातीला किंवा धर्माला जबाबदार धरू नये. शिकवणाऱ्या बायांचे मानधन आधीच ठरवावे आणि निवेदनात त्यांच्या गावाचा उल्लेख करावा.