उन्हात गाडी गार ठेवावी कशी, आणि तीही इंधन न उधळता

कडक उन्हात गाडी चालवणाऱ्यासमोर दोनच वाटा असतात असे सहसा मानले जाते: एसी लावून इंधनाचा खर्च सोसायचा, नाहीतर एसी बंद ठेवून घामाघूम व्हायचे. प्रत्यक्षात एसी किती वेळ चालला यापेक्षा तो किती उष्णतेशी झुंजत होता, यावर हा हिशेब अधिक अवलंबून असतो. पेट्रोल किंवा डिझेलवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांत एसीचा कंप्रेसर, म्हणजे एसीतला गॅस दाबून फिरवणारा भाग, पट्ट्याच्या साहाय्याने इंजिनावरच फिरतो. केबिन तापून निघालेली असताना तो पूर्ण ताकदीने चालतो आणि इंजिनाकडून काही किलोवॅट शक्ती ओढून घेतो. केबिन एकदा गार झाली की त्याचे काम बरेच हलके होते. अमेरिकेच्या ऊर्जा विभागाच्या माहितीनुसार अतिशय उष्ण हवेत एसीमुळे गाडीचे मायलेज 25 टक्क्यांहूनही अधिक घटू शकते, आणि ही घट विशेषतः छोट्या फेऱ्यांत दिसते. छोट्या फेरीतला जवळजवळ सगळा वेळ तापलेली केबिन निववण्यातच जातो, हे त्याचे साधे कारण. म्हणून उष्णता मुळात आत शिरू द्यायची नाही, शिरलेली शक्य तितकी फुकट बाहेर घालवायची आणि जी उरेल तिच्यासाठीच एसीला कामाला लावायचे, हा क्रम पाळला तर गारवा आणि बचत या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी साधतात.

गाडी उभी करताना

काचेतून ऊन आत येते, आतल्या वस्तू तापतात, आणि त्या तापलेल्या वस्तूंतून निघणारी उष्णता मात्र काचेतून तितक्या सहजपणे बाहेर पडत नाही. ॲरिझोनातील टेंपी येथे केलेल्या आणि 2018 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, अतिशय उष्ण दिवसांत तासभर उन्हात उभ्या ठेवलेल्या गाड्यांच्या केबिनमधील हवा सरासरी 47 अंश सेल्सिअसच्या आसपास पोहोचली होती. डॅशबोर्ड मात्र सुमारे 69 अंशांवर गेला होता, स्टीअरिंग 53 आणि आसने 51 अंशांवर. सावलीत ठेवलेल्या गाड्यांत हेच आकडे हवेसाठी 38 आणि डॅशबोर्डसाठी 48 अंशांच्या आसपास होते. या आकड्यांतली लक्षात घेण्याजोगी गोष्ट अशी की खरी उष्णता हवेत नसून डॅशबोर्ड, आसने आणि छताच्या अस्तरात साठलेली असते. केबिनमधली हवा जेमतेम काही किलो वजनाची असते आणि ती क्षणात बदलता येते. तापलेले प्लॅस्टिक आणि फोम मात्र नव्याने आत आलेल्या हवेलाही पुन्हा तापवत राहतात.

त्यामुळे सावली हा सर्वांत स्वस्त एसी आहे, आणि तिच्यासाठी थोडे अधिक चालावे लागले तरी ते परवडते. सावली शोधताना ती आत्ता कुठे आहे यापेक्षा आपण परत येऊ तेव्हा कुठे असेल, याचा विचार करावा. सकाळी इमारतीच्या पश्चिमेला असलेली गार जागा दुपारनंतर उन्हात येते आणि सावली पूर्वेकडे सरकते. सावली मिळालीच नाही, तर निदान पुढची मोठी, तिरपी काच सूर्याकडे येणार नाही अशा बेताने गाडी लावावी आणि काचेच्या आतून चकाकता सनशेड लावावा. सनशेडचा मुख्य उपयोग डॅशबोर्ड आणि स्टीअरिंग झाकले जाण्यात आहे, म्हणून तो काचेच्या मापाचा आणि कडेपर्यंत नीट बसणारा असावा. मधोमध अडकवलेला अर्धवट तुकडा फारसा कामाचा नाही. बाजूच्या काचांना फिल्म लावायची असेल तर आपल्याकडील कायदा काय म्हणतो हे आधी पाहून घ्यावे.

काचा बोटभर उघड्या ठेवल्या तर गाडी तापत नाही, हा समज मात्र सोडून द्यावा. 2005 साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात, बाहेरचे तापमान 22 ते 36 अंशांच्या दरम्यान असताना बंद गाडीतले तापमान तासाभरात सरासरी 22 अंशांनी वाढले, त्यातली 80 टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाली, आणि काचा किंचित उघड्या ठेवल्याने विशेष फरक पडला नाही. याच कारणाने लहान मूल, वृद्ध किंवा पाळीव प्राणी यांना ‘दोनच मिनिटांत येतो’ म्हणूनही बंद गाडीत सोडून जाऊ नये.

निघतानाची पहिली पाच मिनिटे

इंधनाची सर्वांत जास्त उधळपट्टी होते ती इथेच. अनेकजण गाडीत बसतात, काचा लावूनच इंजिन सुरू करतात, एसी सर्वांत थंडवर ठेवतात आणि केबिन गार होईपर्यंत गाडी जागच्या जागी चालू ठेवतात. यात तीन तोटे आहेत. बाहेरच्या हवेपेक्षा कितीतरी अधिक तापलेली आतली हवाच एसीला गार करावी लागते. गाडी उभी असल्याने इंजिनाबरोबर कंप्रेसरही मंदच फिरतो आणि पुढच्या कंडेन्सरला, म्हणजे एसीची उष्णता बाहेर टाकणाऱ्या जाळीला, धावत्या गाडीसारखा वारा मिळत नाही, त्यामुळे गारवा येतो तोही सावकाश. आणि या सगळ्या वेळात गाडी एक मीटरही पुढे गेलेली नसते.

त्याऐवजी आधी चालकाच्या विरुद्ध बाजूची काच पूर्ण खाली करावी आणि चालकाच्या बाजूचे दार चार-पाच वेळा पंख्यासारखे उघडमीट करावे. एका बाजूने कोंडलेली हवा बाहेर ढकलली जाते आणि दुसऱ्या बाजूने नवी हवा आत येते. जपान ऑटोमोबाइल फेडरेशनने 55 अंशांपर्यंत तापलेल्या गाडीवर ही युक्ती करून पाहिली, तेव्हा अर्ध्या मिनिटात तापमान 47.5 अंशांवर आले. इंधनाचा एक थेंबही न जळता मिळालेला हा फायदा आहे, पण तो हवेपुरताच. आसने अजून तापलेलीच असतात. त्याच चाचणीत सर्वांत जलद ठरलेली पद्धत अशी होती: सगळ्या काचा खाली करायच्या, एसी बाहेरची हवा घेईल अशा स्थितीत लावायचा आणि लगेच निघायचे, केबिनमधली तापलेली हवा निघून गेली की काचा वर करून एसी आतल्या हवेवर, म्हणजे रिसर्क्युलेशनवर टाकायचा. या रीतीने सुमारे पाच मिनिटांत केबिन 28 अंशांवर आली.

बाहेरची हवा आणि आतली हवा यांतली निवड करणारे बटण अनेकांना दुय्यम वाटते, पण बचतीच्या दृष्टीने एसीच्या बटणाच्या खालोखाल तेच महत्त्वाचे आहे. आतली हवा बाहेरच्यापेक्षा तापलेली असेल तोवर बाहेरची हवा घेणे शहाणपणाचे. आतली हवा गार झाली की तीच पुन्हा फिरवणे स्वस्त पडते, कारण एकदा गार आणि कोरडी केलेल्या हवेवर कंप्रेसरला फारसे काम उरत नाही. फक्त गाडीत तीन-चार माणसे असतील आणि प्रवास लांबचा असेल, तर अधूनमधून मिनिट-दोन मिनिटे बाहेरची हवा आत घ्यावी, कारण बंद हवेत कार्बन डायऑक्साइड साचत जातो आणि चालकाला जडपणा येतो.

काचा उघड्या की एसी चालू

हा वाद जुना आहे, आणि त्याचे उत्तर वेगावर अवलंबून आहे. हवेचा विरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे वेग दुप्पट झाला की विरोध चौपट होतो. काचा उघड्या असल्या की गाडीच्या अंगावरून सरळ वाहणारा हवेचा प्रवाह विस्कटतो आणि या विरोधात भर पडते. गल्लीबोळात, सिग्नलच्या रस्त्यांवर ती भर नगण्य असते, म्हणून तेथे उघड्या काचा फायद्याच्या. महामार्गावर काचा बंद करून मध्यम एसी लावणे योग्य. नेमका कोणत्या वेगाला कौल बदलतो हे गाडीच्या आकारावर आणि हवामानावर ठरते. ढोबळमानाने ताशी 60 ते 80 किलोमीटरच्या पट्ट्यात काचा वर करण्याचा विचार करावा, याहून काटेकोर आकडा सगळ्या गाड्यांना लागू पडेल असे मला वाटत नाही. महामार्गावर ज्याला खरोखर इंधन वाचवायचे आहे त्याने एसीकडे रागाने पाहण्यापेक्षा वेगाकडे पाहावे: ताशी 100 ऐवजी 80 किलोमीटरने गेल्यास हवेचा विरोध सुमारे 36 टक्क्यांनी कमी होतो.

काचा उघडायच्या तर चारही सताड उघडण्यापेक्षा पुढची एक आणि तिच्या तिरप्या समोरची मागची एक अशा अर्ध्या उघडाव्यात. हवा केबिनमधून आरपार वाहते, आणि एकटीच मागची काच उघडली असता कानांवर जे धडधडणारे दडपण येते तेही टळते. सकाळी किंवा संध्याकाळी कंप्रेसर बंद ठेवून नुसता ब्लोअर, म्हणजे केबिनमध्ये हवा सोडणारा पंखा, बाहेरच्या हवेवर चालवणेही पुष्कळदा पुरते. ब्लोअर विजेवर चालतो आणि कंप्रेसरच्या तुलनेत अगदीच थोडी शक्ती घेतो. दमट हवेत मात्र काचा उघडून फारसे सुख मिळत नाही, कारण घाम वाळत नाही. एसी हवेतला ओलावाही काढून टाकतो, म्हणून अशा दिवसांत तो काटकसरीने पण लावावाच.

तापमानाचा खटका फिरवण्याआधी

फार गार वाटू लागले की बहुतेक लोक तापमानाचा खटका निळ्याकडून थोडा लाल बाजूला फिरवतात आणि इंधन वाचवल्याचे समाधान मानतात. हे समाधान प्रत्येक गाडीत खरे नसते. हाताने चालवायच्या साध्या एसीत पुष्कळदा एसी आपली हवा पूर्वीइतकीच गार करत राहतो, आणि खटका फिरवल्यावर आतली एक झडप उघडून त्या गार हवेत इंजिनाच्या उष्णतेवर तापलेली हवा मिसळली जाते. म्हणजे आधी इंधन खर्चून हवा गार करायची आणि मग तीच कोमट करायची. अशा गाडीत खटका थंडवरच ठेवून ब्लोअरचा वेग कमी करावा, हवा आतलीच फिरती ठेवावी आणि एसीचे बटण काही मिनिटे बंद, काही मिनिटे चालू असे वापरावे. स्वयंचलित तापमाननियंत्रण असलेल्या ज्या गाड्यांत कंप्रेसरचा भार गरजेनुसार कमी-जास्त होतो, तेथे 24 किंवा 25 अंशांवर ठेवून पुन्हा हात न लावणे उत्तम. 18 अंश लावल्याने केबिन लवकर गार होते असे नाही. तापलेल्या केबिनमध्ये यंत्रणा दोन्ही स्थितींत सुरुवातीला पूर्ण जोर लावते, 18 वर ती तो जोर अधिक काळ लावत राहते, इतकाच फरक.

मुक्कामाला पोहोचण्याच्या चार-पाच मिनिटे आधी एसीचे बटण बंद करून ब्लोअर चालूच ठेवावा. एसीची केबिनकडची, हवा गार करणारी जाळी तेवढा वेळ थंड हवा देत राहते, आणि तिच्यावरचे पाणी बरेचसे वाळून गेल्याने एसीला येणारा कुबट वासही कमी होतो. चढावर जड गाडी दमू लागली की तेवढ्यापुरता एसी बंद करण्याची सवयही चांगली.

उभ्या गाडीत एसी लावून कोणाची वाट पाहत बसणे मात्र शुद्ध उधळपट्टी आहे. इंजिनाच्या आकारानुसार आणि एसीच्या वापरानुसार उभी गाडी तासाला साधारण एक ते दोन लिटर इंधन पिऊ शकते. त्यापेक्षा उतरून सावलीत उभे राहावे. बंद गॅरेजमध्ये तर इंजिन चालू ठेवून बसूच नये, कारण तेथे विषारी कार्बन मोनॉक्साइड साचतो. चार्जिंग करता येणाऱ्या गाड्यांना येथे वेगळीच सोय आहे: चार्जर जोडलेला असतानाच केबिन गार करून घेतली, तर तो भार बॅटरीवर न पडता बाहेरच्या विजेवर पडतो.

चालकाचे शरीर

गार करायचे असते ते माणसाला. संपूर्ण केबिन हे त्याचे केवळ साधन. हवेच्या झोताची दिशा छाती, मान आणि स्टीअरिंगवरच्या हातांकडे असेल तर केबिन दोन अंशांनी उष्ण असूनही बरे वाटते. पाठ आणि आसन यांच्यामधून हवा खेळेल असे जाळीचे किंवा मण्यांचे कव्हर, सैल सुती कपडे आणि कोरड्या हवेत मानेवर ओला रुमाल, हे उपाय साधे असले तरी परिणामकारक आहेत. तहान लागण्याची वाट न पाहता घोट-घोट पाणी पीत राहावे. डोके दुखणे, मळमळ, चक्कर किंवा लक्ष विचलित होणे अशी चिन्हे दिसली, तर बचतीचा विचार बाजूला ठेवून एसी पूर्ण लावावा आणि सुरक्षित जागी थांबावे.

यंत्रणा धड असेल तरच

वर सांगितलेले सगळे, एसी नीट चालत असेल तर उपयोगाचे. केबिन फिल्टर धुळीने भरला की ब्लोअर जोरात ओरडतो पण वारा येत नाही, आणि मग माणूस विनाकारण एसी वाढवत जातो. तो फिल्टर अनेक गाड्यांत घरच्या घरी काढून पाहता येतो. रेडिएटरच्या पुढे असलेल्या कंडेन्सरच्या जाळीत किडे, पाने आणि चिखल अडकतो. ती साध्या पाण्याच्या हलक्या धारेने, तीही इंजिन निवल्यावर, धुवावी. जोराच्या फवाऱ्याने तिच्या नाजूक पापुद्र्या वाकतात. एसीचा गॅस दरवर्षी भरावा लागतो हाही गैरसमजच: ही यंत्रणा बंदिस्त असते, वर्षभरात जाणवण्याइतका गॅस कमी झाला असेल तर कुठेतरी गळती आहे, आणि ती न शोधता नुसता गॅस भरणे म्हणजे पैसे हवेत सोडणे. धावत्या गाडीत गारवा येतो पण सिग्नलला नाहीसा होतो, असे होत असेल तर कंडेन्सरचा पंखा आणि गॅसचे प्रमाण दोन्ही तपासून घ्यावे. गाडीखाली ठिबकणारे स्वच्छ पाणी मात्र काळजीचे नाही. हवेतला ओलावाच तो.

इंजिनाच्या तापमानाचा काटा लाल पट्ट्याकडे सरकू लागला तर एसी ताबडतोब बंद करावा आणि, कितीही नकोसे वाटले तरी, हीटर व ब्लोअर पूर्ण चालू करावा, म्हणजे इंजिनाची काही उष्णता केबिनमधून बाहेर पडते. पहिली सुरक्षित जागा मिळताच थांबावे, इंजिन बंद करावे, आणि ते पुरते निवेपर्यंत रेडिएटरचे झाकण उघडू नये, कारण दाबाखालचे उकळते कूलंट, म्हणजे इंजिन गार ठेवणारे द्रव, अंगावर उसळते.