मुलांना तबला-तानपुरा दाखवताय? आधी जुना डग्गा मिळवा

चार ते सहा वर्षांच्या मुलांना तबला, तानपुरा, बासरी यांची ओळख करून द्यायची असेल, तर सतरंज्या आणि पाणी काही सांगायला नको. माइक नकोच. पंखे बंद केले की वीसएक मुलांना तानपुरा छान ऐकू येतो.

पहिली गोष्ट, सगळ्याच्या आधी: मुलांनी हात लावायचा वेगळा तबला-डग्गा. वादकांचा नव्हे, वेगळा. मागच्या वेळी तेवढाच आणायचा राहिला आणि तासभर मुलांनी ‘हात लावू नका’ हेच ऐकलं. वादकांना बोल लावू नका. तबल्याच्या पुडीवर, म्हणजे वरच्या चामड्यावर, लोहचूर्ण आणि खळीचे थर घोटून शाई (तो काळा गोल) बसवलेली असते. घामट, चिकट हातांच्या ओलाव्याने ती सुटायला लागते आणि पुडीचा आवाज जातो. तबला दुरुस्त करणाऱ्यांकडे जुना डग्गा बहुतेक पडलेला असतो. तबला नाहीच मिळाला तर नुसता डग्गा चालेल, पण आदल्या दिवशी घरात आलेला हवा. ‘कुणीतरी आणेल’ म्हणालात की तो येत नाही.

तानपुरा मुलांच्या आधी अर्धा तास खोलीत पोचवा. एसी असेल तर तारा उतरतात-चढतात, आणि सूर लावेपर्यंत चार वर्षांचं मूल बसत नाही. तबला सुरात लावायचं हातोडीचं कामही तेव्हाच उरकून घ्या. खऱ्या भोपळ्याचा, मिरजेला बनतो तसा तानपुरा असेल तर खाली जाड गादी. भोपळा ठिसूळ असतो, आपटला की संपलं. एकेका मुलाला भोपळ्यावर तळवा टेकवू द्या, अंगठ्या-बांगड्या काढून. मग तारांखालच्या घोडीवरचा जवारीचा दोरा सरकवून दाखवा: आवाज बसतो, पुन्हा जागेवर आणला की झंकार उठतो. हा फरक मुलांना लगेच कळतो, समजावून सांगत बसू नका.

मुलांना ठेक्यावर नाचवण्या-चालवण्यासाठी तबलावादकांशी आधीच बोला. कायदे-तुकड्यांसारख्या अवघड रचना नकोत, लय मध्य. आधी डग्ग्यावरचा नुसता ‘गे’ वाजू दे, मुलं गुडघे वाकवून जड पावलं टाकतील. मग तबल्यावरचा नुसता ‘ना’, चवड्यांवर. हे जमलं की केरवा ताल, आठ मात्रा, चालायला. दादरा, सहा, झुलायला. तीनताल ऐकवा, चालवू नका. ठेका थांबला की पुतळा. मोजे काढायला लावा, फरशीवर पाय घसरतात. आणि प्रत्येक फेरीनंतर दोघा-तिघांना त्या जुन्या डग्ग्यापाशी सोडा. पाहिलेलं लगेच हाताने वाजवून बघायला मिळायला हवं, म्हणून तर तो आणायचा.

बासरी फक्त ऐकवा, उष्टी फुंकायला देऊ नका. पाऊण तास पुरे. फोटो मागून, फ्लॅशशिवाय. खाऊ वाद्यं खोळीत गेल्यावर.