द्विभाषिक कवितासंग्रह हाताने बांधताना या चुका टाळा

डावीकडे मूळ कविता, उजवीकडे अनुवाद. द्विभाषिक संग्रहाचं सगळं गणित या जोडपानावर उभं असतं आणि घोळही इथेच होतो. पहिली कविता पान १ वर घेतली की अनुवाद कागदाच्या मागे जातो आणि पुढची प्रत्येक जोडी मोडते. कविता नेहमी सम पानावर सुरू करा. लांब असेल तर दोन्ही भाषांत एकाच कडव्यापाशी तोडा.

देवनागरीत वर रफार-वेलांट्या, खाली उकार. १२ पॉइंटच्या अक्षराला एका ओळीच्या तळापासून पुढच्या ओळीच्या तळापर्यंत १८ पॉइंट तरी हवेत. समोरच्या रोमन मजकुराला १५ ठेवले, तर चार-पाच ओळींतच समोरासमोरच्या ओळी खाली-वर होतात. दोन्हीकडे १८च ठेवा.

६४ पानांची फाइल एकच बुकलेट म्हणून छापू नका. चार-चार कागदांचे, म्हणजे १६-१६ पानांचे चार फर्मे (एकात एक घालून मधोमध दुमडलेल्या कागदांचे गठ्ठे) वेगवेगळे छापा. दोन पानांवर पसरलेलं झाडाचं चित्र असेल तर ते फर्म्याच्या अगदी मधल्या जोडपानावर घ्या (पहिल्या फर्म्यात ८-९). इतरत्र दोन अर्धी वेगळ्या कागदांवर येतात आणि फांद्या नेमक्या जुळत नाहीत.

सर्वांत महागात पडते ती कागदाची ग्रेन, म्हणजे त्यातल्या तंतूंची दिशा. कागद दोन्ही बाजूंनी हलकेच वाकवून पाहा. जिथे तो सहज वाकतो, त्या घडीला ग्रेन समांतर असते. ती कण्यालाही (पुस्तकाच्या शिवलेल्या पाठीलाही) समांतर हवी. ए४ कागदाची ग्रेन बहुधा लांब बाजूने असते, त्यामुळे त्याची मधोमध घडी घालून ए५ केला की ती आडवी पडते: पानं ताठ उभी राहतात, खळ लागताच कण्याजवळ लाटा येतात. लांब ग्रेनचा ए३ आणून मधोमध कापा, मग घडी बरोबर बसते.

खरी झाडाची पानं-फुलं चिकटवायचा मोह होतोच. थोडाही ओलावा राहिला तर बुरशी धरते, समोरच्या कवितेवर तपकिरी डाग उमटतो. टीपकागदात दाबून दोन-तीन आठवडे वाळवा, आणि कण्याशी तेवढ्याच जाडीच्या अरुंद पट्ट्या शिवा, नाहीतर पुस्तक मिटत नाही. आमच्या मते झाडाच्या पानाचा शाईचा ठसा जास्त टिकतो आणि दिसतोही सुंदर.

शिवताना दोरा कण्याला समांतर ओढा. आडवा ओढला की भोक फाटतं. दोरा जाड असला तर पाठ फुगते.

पुठ्ठ्यावर बाहेरून चिकटवलेला कागद वाळताना आकसतो आणि पुठ्ठा बाहेर वळतो. ती ओढ पुठ्ठ्याच्या आतल्या बाजूला चिकटवलेला कागद, म्हणजे अस्तर, पेलतं, म्हणून ते फार पातळ नको. पुठ्ठ्याची ग्रेनही कण्याला समांतर ठेवा आणि अस्तर लावल्यावर पुस्तक मेणकागद घालून पूर्ण दिवस वजनाखाली ठेवा.