लेन्स विकण्याआधी थांबा: डिजिटल रेंजफाइंडरवर वाइड लेन्स वापरताना या चुका टाळा

मागच्या हिवाळ्यात एका मित्राने मुंबईच्या ओव्हल मैदानासमोरच्या आर्ट डेको इमारतींचे फोटो दाखवले. प्रत्येक फोटोची डावी कड लालसर, उजवी हिरवट. बॉडी (कॅमेरा) लायकाची एम९ ही डिजिटल रेंजफाइंडर, लेन्स झाइसची २१ मिमी एफ/४.५ ही वाइड, म्हणजे रुंद दृश्य टिपणारी. लेन्समध्येच खोट आहे असं ठरवून त्याने ती विकायला काढली होती. चोर सोडून संन्याशाला फाशी! ती लेन्स पूर्ण निर्दोष होती. लायकाखेरीज इतर कंपन्यांच्या वाइड लेन्सबाबत असं इतक्यांदा होतं की हे सविस्तर लिहावंसं वाटलं.

रेंजफाइंडर म्हणजे वेगळ्या खिडकीतून पाहून, दोन प्रतिमा जुळवून फोकस करायचा कॅमेरा. त्यात आरसा नसतो, त्यामुळे लेन्सची मागची काच सेन्सरच्या फार जवळ नेता येते. या झाइससारख्या लेन्स त्याचाच फायदा घेतात. म्हणून त्या छोट्या असतात आणि सरळ रेषा सरळ ठेवतात. पण कडेला पडणारे किरण फार तिरके येतात. फिल्मला त्याची फिकीर नव्हती. सेन्सरवर मात्र सूक्ष्म भिंगं असतात आणि अवरक्त किरण अडवणारी काच असते. तिरक्या किरणाला त्या काचेतून जास्त अंतर कापावं लागतं, आणि कडेचा रंग बिघडतो.

इथली पहिली चूक म्हणजे मेनूत लेन्स ओळखण्याचं काम ‘ऑटो’वर सोडणं. लायकाच्या अलीकडच्या लेन्सच्या माउंटवर (कॅमेऱ्याला जोडायच्या कड्यावर) सहा खुणांचा काळा-पांढरा कोड असतो. इतर कंपन्यांच्या लेन्सवर तो नसतो, म्हणून कॅमेरा काहीच दुरुस्ती करत नाही. एम९पासून पुढे मेनूत लेन्स हाताने निवडता येते. तिथे २१ मिमीच्या एकाहून जास्त नोंदी आहेत. पांढऱ्या भिंतीसमोर प्रत्येक नोंदीने एकेक फोटो काढा आणि कडा सर्वांत स्वच्छ येतील ती ठेवा. ही दुरुस्ती कॅमेरा रॉ, म्हणजे सेन्सरवरून येणाऱ्या मूळ फाइलमध्येच करून टाकतो, त्यामुळे निवड आधीच करायला हवी. आणि नंतर ५० मिमी लावलीत की सेटिंग बदला. हे विसरल्यामुळे चांगल्या ५० मिमीच्या कडा विचित्र रंगाच्या झालेल्या मी पाहिल्या आहेत.

तरीही रंगाची झाक उरली तर फ्लॅट-फील्डचा, म्हणजे एकसारख्या पांढऱ्या फोटोवरून झाक मोजून वजा करण्याचा उपाय आहे. पाट्या बनवणाऱ्याकडून दुधी अ‍ॅक्रिलिकचा तुकडा घ्या, लेन्ससमोर धरून एक फोटो काढा आणि लाइटरूम क्लासिक या सॉफ्टवेअरमध्ये त्यावरून मूळ फोटो सुधारा. फक्त घरी ट्यूबलाइटखाली काढलेला एकच फोटो वर्षभर वापरू नका. झाक प्रकाशाप्रमाणे आणि अ‍ॅपर्चरप्रमाणे (लेन्समधल्या प्रकाशाच्या छिद्राच्या आकाराप्रमाणे) बदलते. जागेवरच, त्याच उजेडात, त्याच अ‍ॅपर्चरला काढा. अर्ध्या मिनिटाचं काम आहे.

एम९आधीच्या एम८ बॉडीची गोष्ट वेगळी. तिच्या सेन्सरपुढची काच फार पातळ, त्यामुळे अवरक्त किरण आत शिरतात. हायकोर्टाबाहेरच्या फुटपाथवर वकिलांचे टेरिकॉटचे काळे कोट जांभळे दिसतील. त्यासाठी अतिनील आणि अवरक्त किरण अडवणारा यूव्ही-आयआर फिल्टर हवाच. पण वाइड लेन्सवर तो लावला की कोपरे निळसर-हिरवट होतात, आणि एम८मध्ये लेन्स हाताने निवडायची सोय नाही. माउंटवर मार्करने कोड रंगवणं किंवा नंतर संगणकावर सुधारणं, एवढेच मार्ग.

नवीन घेत असाल तर आवृत्ती विचारून घ्या. फोइग्टलेंडरच्या १५ मिमी एफ/४.५चे पहिले दोन अवतार फिल्मसाठी होते. २०१५मधला तिसरा डिजिटल सेन्सर डोळ्यांसमोर ठेवून नव्याने आखला आहे. आणि फक्त कृष्णधवल काढणार असाल तर रंगाच्या झाकेपायी जुनी लेन्स नाकारू नका.

आता फोकस. स्क्रूच्या जुन्या लेन्ससाठीचा अ‍ॅडॉप्टर बरोबर १ मिमी जाडीचा हवा, कारण माउंटपासून फिल्म किंवा सेन्सरपर्यंतचं अंतर स्क्रू माउंटचं २८.८ मिमी आणि लायकाच्या एम माउंटचं २७.८ मिमी आहे. स्वस्त अ‍ॅडॉप्टर इथेच दगा देतात. अनंताची, म्हणजे फार दूरच्या फोकसची परीक्षा शिवाजी पार्कच्या चौपाटीवरून सी लिंकच्या मनोऱ्यांवर घ्या. दूरची स्पष्ट उभी रेघ रेंजफाइंडरला फार सोयीची. आधी खात्रीच्या ५० मिमीने बघा. दोन्ही चुकल्या तर दोष बॉडीचा, एकच चुकली तर लेन्सचा किंवा अ‍ॅडॉप्टरचा. दुरुस्तीहून आलेल्या लेन्सचीही हीच परीक्षा घ्या. माझी एक लेन्स साफसफाईहून परतली तेव्हा आतली पातळ शिम (अंतर जुळवणारी चकती) बसवलेलीच नव्हती आणि दूरचं सगळं धूसर येत होतं. दुकानातच तपासलं असतं तर महिना वाचला असता.

लेन्सवर कोरलेली डेप्थची पट्टीही (कुठून कुठपर्यंत स्पष्ट येईल ते सांगणारी) फिल्मच्या काळातली आहे. २१ मिमी एफ/८ला त्या हिशेबाने हायपरफोकल अंतर (जिथे फोकस केल्यास अनंतापर्यंत स्पष्ट येतं ते) सुमारे १.८ मीटर येतं. एम११च्या ६० मेगापिक्सेलवर पूर्ण आकारात पाहणार असाल तर ३.७ मीटरच्या आसपास धरा. सोपा नियम म्हणजे एफ/८ ठेवून एफ/४च्या खुणा वाचायच्या. आणि लेन्स अर्ध्या मीटरपर्यंत फोकस होत असली, तरी रेंजफाइंडर साधारण ०.७ मीटरलाच थांबतो. त्याहून जवळ लाइव्ह व्ह्यू (पडद्यावर पाहून फोकस) किंवा मोजपट्टी.

मुंबईत लेन्सचा खरा शत्रू मात्र पावसाळा. जून ते सप्टेंबर हवाच इतकी दमट की पापड डब्याबाहेर तासभर टिकत नाहीत, तिथे लेन्स कशी टिकावी? आपण पापड जपतो तितकीही काळजी लेन्सची घेत नाही याचं मला वाईट वाटतं. सर्वांत घातक सवय म्हणजे लेन्स तिच्या चामडी पाऊचमध्ये, ओल आलेल्या भिंतीच्या कपाटात ठेवणं. चामडं ओल धरतं आणि बुरशीला खाऊ पुरवतं. ड्राय कॅबिनेट ४० ते ५० टक्क्यांवर ठेवा. ते परवडत नसेल तर घट्ट झाकणाचा डबा, सिलिका जेल आणि एक छोटा आर्द्रतामापक. दाण्यांचा रंग पालटला की तापवून पुन्हा कोरडे करा. आणि लेन्स वापरत राहा.

बुरशी दिसली म्हणून लेन्स कडक उन्हात ठेवू नका. उष्णतेने आतलं ग्रीस पातळ होऊन अ‍ॅपर्चरच्या पात्यांवर उतरतं. बुरशी आतल्या काचेवर असेल तर जाणत्या माणसाकडेच द्या, आणि लवकर द्या. कोटिंग खाल्लं गेलं की ते परत येत नाही. बोरा बाजारात जुनी लेन्स घेताना मोबाइलचा टॉर्च मागून मारून बघा. कोळ्याच्या जाळ्यासारखे तंतू दिसले तर सोडून द्या.

मरीन ड्राइव्हला भरतीच्या वेळी लेन्स बदलू नका. घरी आल्यावर आधी ब्लोअर, मग किंचित ओल्या फडक्याने बाहेरची धातू पुसा. खारं पाणी सुकलं की रिंग करकरायला लागते. शर्टाच्या टोकाने काच कधीच पुसू नका. एसीतून बाहेर पडताना कॅमेरा बंद पिशवीतच अर्धा तास राहू द्या.

एक शेवटचा गोंधळ. एफ/१६ला आकाशात ठिपके दिसले की लोक लेन्स साफ करायला घेतात. लेन्सवरची धूळ अशी दिसत नाही, हे ठिपके सेन्सरचे असतात. बहुतेक वेळा ब्लोअरने जातात. पण एम९वर ठिपक्याभोवती फिकट कडं असेल आणि सफाईनंतरही ते हलत नसेल, तर ती सेन्सरपुढच्या काचेची झीज आहे. त्या मॉडेलचा हा माहीत असलेला दोष आहे. घासत बसू नका, ती सफाईने जात नाही; लायका पूर्वी त्यासाठी सेन्सरच बदलून देत असे.